एल्वाची किडनी

फ्रीज घरघरला आणि दुपारच्या झोपेतलं घर दचकलं. फ्रीजरमध्ये नवऱ्याच्या लघवीची बाटली गोठली होती. त्याची नवी किडनी त्याच्या पहिल्या बायकोनं, एल्वानं दिलेली. ती किडनी लघवीत डोळ्यांना न दिसणाऱ्या पिशव्या सोडते. त्या तपासून, शरीर तिला झिडकारतंय का, हे राजधानीतले, आसुन्सिओनचे डॉक्टर सांगणार होते. बाटली गोठलेलीच हवी, आणि तपासणीसाठी तीन दिवस मांस बंद. माझ्या सांगण्यावरून रविवारचं भाजलेलं मांस कधीच न सोडणारा माणूस मुकाट उकडलेला कसावा कंद चघळत होता. "एल्वाच्या किडनीचे नखरे गं, राणी!" वर मलाच डोळा मारायचा. मी बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवली. वितळू दे मेली! पाच वर्षांची लेक उठून आली. "पप्पांची बाटली उन्हात? डॉक्टर ओरडतील ना!" तिनं बाटली छातीशी धरून फ्रीजरमध्ये ठेवली. "मम्मा, तू तुझी किडनी का नाही दिलीस?"