फाटकातला बुंधा

पुढच्या पंज्यात धरलेला बुंधा जागचा हलेना, उलट ट्रॅक्टरचीच मागची चाकं जमीन सोडून वीतभर वर आली, तसा कुंपणापाशी उभा असलेला धाकटा दीर फिदीफिदी हसला.

"वहिनी, उडायला निघालात की काय? तिकीट तरी काढायचं!"

तिने घाई केली नाही. दांडा हळूच ढकलून पंजा खाली टेकवला. चाकं धप्पकन मातीवर बसली. भीती तर वाटली होतीच. पण ती दिराला दिसू देईल तर ती कसली!

"मागे वजन कमी पडतंय, भावजी," तिने वरूनच आवाज दिला. "येऊन बसा. तेवढाच तुमचा उपयोग!"

भावजी काही आले नाहीत. तीच खाली उतरली आणि मागच्या लोखंडी पेटीत दगड भरू लागली.

एवढा एकच बुंधा राहिला होता. बाकीचं सगळं तिने उपटून काढलं होतं. सासरे गेले त्या वर्षी दिराने इथली उभी झाडं तोडून विकली आणि बुंधे तसेच सोडले. मग काटेरी झुडपं माजली. इतकी, की आत शिरलेलं मांजर ओरबाडून घेऊन बाहेर यायचं. जागा सासूबाईंच्या नावावर. साफ करायचा विषय निघाला की त्यांचं ठरलेलं उत्तर, "राहू दे. काय घाई आहे?" म्हातारीला कशाचं सोयरसुतक नाही, असं सगळे म्हणायचे. मनातल्या मनात तीही म्हणायची.

तिला इथे रोपवाटिका करायची होती. नवरा दूर बोटीवर, महिनोन् महिने पाण्यावर. घरात तान्ही मुलगी. आणि फाटकाशी माहेरून आणलेला वडिलांचा जुना ट्रॅक्टर, पुढे माल उचलायचा लोडर आणि लोडरला मिटता-उघडता येणारा लोखंडी पंजा. त्याच ट्रॅक्टरवर, वडिलांच्या मांडीवर बसून ती चालवायला शिकली होती. जागा साफ करू का, असं तिने विचारलं तेव्हा सासूबाईंनी उलट विचारलं होतं, "उपटशील गं. पण पुढे?"

"पुढे रोपं लावीन."

 सासूबाईंनी छकुलीला उचलून मांडीवर घेतलं. तेव्हापासून रोज पडवीत नातीला घेऊन बसायच्या आणि बघायच्या. छकुलीची तऱ्हाच उलटी. इंजिन धडधडत असलं की ती गाढ झोपायची आणि बंद झालं की टाहो फोडायची. मग ही हाताचं ग्रीस साबणाने खसाखसा घासून तिला पाजायला बसायची. दूध पिता पिता लेक तिच्या मळक्या बाहीशी खेळायची. तेवढ्या वेळात तिची पाठ भिंतीला टेकायची.

दगड भरून झाले. ती पुन्हा चढून बसली. या वेळी तिने बुंध्याला वर ओढलंच नाही. वडील म्हणायचे, बुंध्याशी कुस्ती खेळायची नसते, त्याची माणसं फोडायची असतात. तिने पंज्याचे दात एका बाजूने मातीत घुसवले. एक मूळ कडाडलं. मग दुसरी बाजू. मग तिसरी. बुंधा दुखऱ्या दाढेसारखा डुगडुगू लागला. तेव्हा कुठे तिने पंजा मिटला, आणि तो मातीचं अख्खं गाठोडं घेऊन उचकटून बाहेर आला.

दीर टाळ्या वाजवत पुढे आला.

"मानलं बुवा! आता कशी जागा जागेसारखी दिसते. इतकी वर्षं गिऱ्हाईक यायचं, काटे बघून गाडीतूनही न उतरता परत जायचं. तुम्ही माझं कामच सोपं केलंत, वहिनी."

"कसलं गिऱ्हाईक?"

"ते काय, आलेच." त्याने रस्त्याकडे बोट दाखवलं. एक पांढरी गाडी फाटकाकडे वळत होती. "आज बोलणी पक्की करतो. आईचं काय, मी सांगितलं की सही करते ती."

 फुटलेली नखं, सोललेले तळवे, पाठीची कळ, सगळं कशासाठी? आपल्याच हाताने आपण जागा सोलून ताटात वाढली होती.

गाडीचा हॉर्न वाजला.

तिने पंजा खाली धरला, बुंधा जमिनीलगत ठेवला आणि ट्रॅक्टर वळवला. घाई न करता. दीर "अहो, अहो" करत मागे धावला. गाडी आत शिरणार, तोच ती फाटकाच्या तोंडाशी पोचली आणि पंजा उघडला. बुंधा धाडकन रस्त्यात बसला. मुळं चारी बाजूंना पसरलेली. धुरळा थेट गाडीच्या काचेवर.

"वहिनी! काढा तो! काढा आधी!"

"नाही काढणार."

"आई!" दीर पडवीकडे वळून किंचाळला. "ये इकडे! बघ तुझ्या सुनेचे प्रताप! सांग तिला!"

सासूबाई छकुलीला कडेवर घेऊन सावकाश चालत आल्या. तिने स्टिअरिंग घट्ट धरलं. आता बोलणी बसणार. बसू देत. ती खाली उतरणार नव्हती.

सासूबाईंनी गाडीकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. मग बुंध्याभोवती अर्धी फेरी मारली.

"डावीकडे फट राहिलीय गं," त्या म्हणाल्या. "जरा सरकव."

तिने पंजा टेकवून बुंधा सरकवला.

"आई, वेड लागलंय का तुला?"

"कसलं वेड? झाडं विकलीस, तेव्हाच ओळखलं मी तुला." सासूबाईंनी नातीचं झबलं नीट केलं. "ती झुडपं काय आपोआप उगवली असं वाटलं होय रे? मला ट्रॅक्टर चालवता येत नव्हता, म्हणून काटे लावले होते."