ओवाळणीची वेदना

कुमुदच्या पोटाची शस्त्रक्रिया होती आणि भुलीने न शमणारी तिची वेदना यंत्रातून स्वतःच्या अंगात घेऊन सोसण्यासाठी थोरले बंधू भालचंद्र शेजारच्या खाटेवर पडले होते. भाऊबीजेला त्यांनी हीच ओवाळणी कबूल केली होती.

भुलीच्या पहिल्या अवस्थेत कुमुदचे हात जड झाले. दुसऱ्या अवस्थेत ती बरळली, "दादा भित्रा आहे हो, त्याला जपा." तिसऱ्या अवस्थेत शस्त्र चालले, परंतु भालचंद्रांना काहीच जाणवले नाही, कारण त्यांनी घरूनच गुपचूप वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या. नाकारलेली वेदना कुमुदकडेच परतली. तिच्या मिटल्या डोळ्यांतून अश्रू ओघळू लागले.

शुद्धीवर येताच ती म्हणाली, "दादा, थोडं मलाच दुखलं रे. तेवढं तुझं वाचलं ना?"

भालचंद्रांनी होकारार्थी मान हलविली.