स्क्रीनचा उजेड

त्या दुष्काळात शेंद्र्याकडच्या नव्या कॉलनीत टँकर आला, की पाणी कोणत्या घराला द्यायचं ते पुंडलिकराव लॅपटॉपवरची यादी बघून सांगायचे. महिनाभरापासून ती यादी त्यांना अंधुक दिसू लागली होती. त्यांच्या आईची नजर साठीतच गेली होती, अन् त्यांना आता एकसष्टावं लागलं होतं. रोज लॅपटॉप उघडताना तेच मनात यायचं, पण घरात ते एवढंच म्हणाले, "रूपा, तू यात जुनी सिस्टीम काढून ते लिनक्स टाकलंस तेव्हापासून स्क्रीनचा उजेड लई कमी झालाय बघ."

रविवारी लेक लॅपटॉप घेऊन बसली. उजेड कमी-जास्त करायची बटणं खरंच चालत नव्हती.

"बाबा, तुमचं बरोबर आहे. लिनक्सच्या सेटिंगमध्येच गडबड आहे."

पुंडलिकरावांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे डोळे शाबूत होते!

रूपानं सेटिंगच्या एका फाइलीत एक ओळ घातली, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला अन् बटण दाबत दाबत उजेड पार टोकाला नेला. पुंडलिकराव खुर्ची ओढून अगदी जवळ सरकले. यादी होती तशीच अंधुक होती. उजेड कधी वाढतो, याची ते वाट बघत राहिले.

"बाप रे, डोळेच दिपले माझे!" रूपानं डोळ्यांवर हात धरला. "लई झाला का बाबा? कमी करू?"

पुंडलिकरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.



"हां," ते म्हणाले, "कर थोडा कमी."