नेमकी नस

पेणला बचत गटाच्या बायकांना स्वसंरक्षण शिकवणार आहेत असं कळलं, तेव्हा पुतळी मिठागरावर खाडा करून गेली आणि पहिल्याच रांगेत बसली.

शिकवायला आलेल्या सरांनी एकेकीच्या अंगठ्याच्या बेचक्यातली नस दाबून दाखवली. बाकीच्या किंचाळल्या, पुतळी मात्र नुसती बघत राहिली. "बाई लय खमकी हाय!" म्हणत बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीठ ओढून ओढून हाताची कातडी खुरासारखी झालीय, काही कळतच नाय, हे ती कुणाला सांगणार?

मग सरांनी खांद्यावरची जागा दाखवली. "इथे नस बोटाला लागली, की अंगठा रोवायचा. कितीही दांडगा गडी असो, मटकन खाली बसतो." पुतळीने शेजारणीचा खांदा चाचपला. तिच्या बोटांना काहीच लागलं नाही. तरी तिने जागा डोळ्यांनी नीट बघून ठेवली.

संध्याकाळी तिचा नवरा कमळाकर पिऊन आला. खाड्याची बातमी त्याला वाटेतच लागली होती. "कुठं होतीस गो दिवसभर?" म्हणत त्याने कमरेचा पट्टा काढला. पुतळी झटकन त्याच्या मागे गेली आणि सगळा जीव अंगठ्यांत आणून तिने ते त्याच्या खांद्यांत रोवले.



कमळाकर डोळे मिटून हळूच खाली बसला. पट्टा त्याच्या हातातच होता. "व्हय गो, तिथंच... जरा जोरात दाब. मग बघतो तुझ्याकडं."