पांढरीची शुश्रूषा

बर्फामुळे महिनाभर खुराड्यात कोंडलेल्या कोंबड्यांपैकी तांबडीने टोचून टोचून पांढरीची पाठ सोलून काढली होती. सिग्नेने पांढरीला घरात आणलं. पंधरा दिवस जखम धुतली, बटाटा कुस्करून भरवला. तांबडीची मान सिग्नेच्या नवऱ्याने, हाल्वोरने, कुऱ्हाडीने उडवली.

पिसं फुटल्यावर सिग्नेने पांढरीला परत खुराड्यात सोडलं. "जा बाई, आता तुला कुणी छळणार नाही."

दुपारी कलकलाट ऐकून दोघं धावत गेली. सगळ्यात लहान कोंबडी कोपऱ्यात रक्तबंबाळ पडली होती आणि तिच्या अंगावर उभी राहून पांढरी टोचत होती.

हाल्वोर कुऱ्हाड घेऊन आला. "तू घरात जा."

"नको, कुऱ्हाड दे इकडे," सिग्ने म्हणाली. "माझ्याजवळ पांढरी धडपडत नाही."