दियोरचे ट्यूलिप

"हातांनी काढा माती, ओताजान. फावडं लागलं तर डोळे मोडतील."

ओयदिन सासऱ्यांना गुलाब उघडायला शिकवत होती. हे तिला ज्यांनी शिकवलं होतं ते सासरे, एर्गशबाबा, माती उकरत ऐकत होते.

थंडीआधी मातीखाली निजवलेले गुलाब आणि अंजीर वसंतात, जर्दाळू फुलला की, उघडायचे. दरवर्षी हे काम दियोर करायचा, बाबांचा एकुलता एक मुलगा आणि ओयदिनचा नवरा. मग तो रशियात बांधकामावर गेला. उन्हाळा संपता संपता परांचीवरून पडला आणि तिथेच मातीआड झाला.

ही बातमी द्यायला तिथल्याच त्याच्या मित्राचा, बोतिरचा, फोन आला, तेव्हा ओयदिन नळावर होती. बाबा बाहेर आले आणि तिला म्हणाले, "बोतिरचा फोन होता. दियोरला पार उत्तरेत धाडलंय. तिकडे फोन लागत नाही म्हणे."

त्या दिवसापासून त्यांच्या आत काही हललंच नव्हतं. रडूही आलं नव्हतं. धास्ती तेवढी जागी होती. हिला कळलं की हिचे भाऊ येऊन हिला घेऊन जाणार. मूलबाळ नाही, कशाला राहील? मग या अंगणात आपण आणि अंजीर. तरण्या पोरीला असं अडकवणं पाप आहे, हे त्यांना पक्कं कळत होतं. तरी तोंड उघडत नव्हतं. उलट बोतिरला त्यांनी गळ घातली होती, "त्याच्या नावानं काहीतरी पाठव रे. तिला संशय नको."

गुलाब निजवायच्या दिवसांत ओयदिन माहेरी जाऊन आली. येताना हातात गोणपाटाची पिशवी होती आणि आत छोट्या कांद्यांएवढे कंद.

"ह्यांनी पाठवलेत. बसस्टँडवर ड्रायव्हरनं दिले. तिकडचे ट्यूलिप आहेत म्हणे, लाल."

बोतिर शब्दाला जागला, बाबांना वाटलं.

"लाव भिंतीशी. तुझ्या बापाला दाखवू. लग्नात काय तोरा! मुलगी न्या, मेंढी न्या, पण आमच्या टेकडीवरचं फूल तुमच्या नशिबात नाही, म्हणे. ते बुटकं, पिवळं, तांबड्या रेघेचं!"

ओयदिन हसली होती. बऱ्याच दिवसांनी हसली होती.

आता शेवटचा गुलाब उघडून झाला. हा झाला की तिला सांगायचं, असं बाबांनी सकाळीच ठरवलं होतं. त्यांनी हात झटकले, घसा खाकरला.

"उद्या अंजीर उघडू," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ते भिंतीशी गेले. ट्यूलिप उमलले होते. बुटके, पिवळे, आणि प्रत्येक पाकळीवर बाहेरून तांबडी रेघ.

ओयदिन चहाची किटली घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"पोरी," बाबा म्हणाले, "हे तर तुमच्या टेकडीवरचे."

तिने पेला भरला.

"मी कंद काढायला गेले तेव्हा भाऊ म्हणाले, आता परत जाऊ नकोस." तिने पेला त्यांच्या हातात दिला. "मी म्हटलं, हे गेल्याचं सासऱ्यांना अजून कळलेलं नाही. कळेल त्या दिवशी त्यांच्याजवळ कुणी नको का?"