रविवारचा पिंजरा

“हा सांधा कापावा लागेल,” वडील म्हणाले.

मुलीने तोंडासमोरची वेल्डिंगची काळी काच वर केली. “मागच्या रविवारी जमलाय म्हणालात.”

“वरून दिसतो छान. आत पोकळ राहिलाय. आवाज ऐक.” त्यांनी हातोडीने पाइपवर टकटक केली. एकदा इथे, एकदा तिथे.

तिला दोन्ही आवाज सारखेच वाटले. पण वडिलांनी सगळी हयात कारखान्यात बॉयलर जोडण्यात घालवली होती. तिने ग्राइंडर उचलला.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचा ट्रक उभा होता. जुना, उंच, मोठ्या चाकांचा. डोंगरातल्या शर्यतीत उतरायचं म्हणून सहा महिन्यांपूर्वी ती तो घेऊन आली होती. तसल्या रस्त्यावर गाडी कधी उलटेल याचा नेम नसतो. छत डोक्यात बसू नये म्हणून आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा करावा लागतो. तयार पिंजरा विकत मिळतो, पण तिला तो नको होता.

“माझा जीव त्यात असणार,” ती म्हणाली होती. “तुमच्याशिवाय कुणाचा भरवसा धरू?”

वडिलांचे हात थरथरायचे. त्यापायीच कारखान्याने त्यांना वेळेआधी घरी पाठवलं होतं. म्हणून ठरलं असं, की ते सांगणार आणि ती करणार. ती दातांची डॉक्टर. हात स्थिर, पण लोखंडाशी कधी गाठ पडलेली नाही. पहिल्या रविवारी तिने वेल्डिंगचे इवले इवले ठिपके दिले, तेव्हा वडील खेकसले, “दाढ भरतेयस का? पाइप आहे तो. हात सरळ ओढ.”

हळूहळू ती शिकली. पाइपाच्या टोकाला कागद गुंडाळून गोलाईची खूण कशी करायची, दुसऱ्या पाइपावर ते टोक फट न राहता कसं बसवायचं. सीटमागची मोठी कमान उभी राहिली. मग पुढचे दोन पाय, दारांचे आडवे पाइप, मागचा तिरका आधार. छताला लागून असलेल्या सांध्यांपर्यंत हात पोचेना, तेव्हा वडिलांनी ट्रकच्या तळाला भोकं पाडायला लावली. अख्खा पिंजरा त्यातून वीतभर खाली सोडला, वरचे सांधे जोडून घेतले आणि पुन्हा वर उचलून खाली जाड प्लेटा बसवल्या. त्या दिवशी दोघं हातपाय काळे करून पायरीवर बसले, आणि आईने दोघांना आधी हात धुवायला पिटाळलं.

काम खरं तर तेव्हाच संपलं होतं. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी वडिलांनी काही ना काही खोट काढली. कमान बोटभर डावीकडे गेलीय. प्लेट पातळ आहे. सांधा पोकळ आहे. ती कापायची, घासायची, नव्याने जोडायची.

“एवढं काय बिघडतंय त्यात?” एका सोमवारी आईने विचारलं.

“काही नाही बिघडलेलं. पोरगी उत्तम जोडते. माझ्या हाताखाली अशी दोन माणसं असती तर...” त्यांनी पुढचं गिळलं. “शर्यतीची नावनोंदणी शनिवारी बंद होतेय. तोवर लांबवलं की झालं. एकुलती एक आहे. दगडधोंड्यांत गाडी उलटवायला जाऊ देऊ तिला?”

“सहा महिने ती मुकाट्याने तुमचं ऐकतेय,” आई म्हणाली, आणि भाजी निवडत राहिली.

शनिवार आला आणि गेला. रविवारी मुलगी नेहमीसारखी नवाला हजर झाली. तारखेबद्दल चकार शब्द नाही. वडिलांनी तिला हेल्मेट घालून सीटवर बसवलं. डोकं आणि पाइप यांत एक मूठ मावायला हवी. त्यांनी मूठ घातली. ती थरथरत हेल्मेटवर आपटू लागली, टकटक टकटक. मुलीने आपला हात वर नेला आणि त्यांची मूठ धरून ठेवली.

“बाबा, यात बसलं की कशाचीच भीती वाटत नाही,” ती म्हणाली.

त्या रविवारी वडिलांनी एकही खोट काढली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली, कारखान्यात घालायचे तो इस्त्रीचा शर्ट चढवला आणि दोन बस बदलून शर्यतीचं कार्यालय गाठलं. टेबलामागे चष्मा लावलेल्या बाई बसल्या होत्या. वडिलांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. उशीर मुलीमुळे नाही, माझ्यामुळे झाला. चांगले सांधे मी कापायला लावले. पिंजरा असा झालाय की डोंगरावरून लोटला तरी दबणार नाही. तिचं नाव तेवढं लिहून घ्या.

“ट्रकवाल्या डॉक्टर ना? त्या चांगल्या लक्षात आहेत माझ्या,” बाई म्हणाल्या. “पण त्यांना नाव द्यायचंच नव्हतं, काका. सहा महिन्यांपूर्वी आल्या होत्या, फॉर्म पुढे केला तर नको म्हणाल्या. फक्त पिंजऱ्याचे नियम लिहून घेतले. मी म्हटलं, शर्यतीत उतरायचं नाही तर हे कशाला? तर म्हणाल्या, वडील घरात नुसते बसून असतात, नियम जितके किचकट असतील तितके बरे.”